स्वारी तापल्यावर बोलते

घरात सगळ्यांत जड, सगळ्यांत गरम आणि सगळ्यांत मानी कोण, असं विचारलं तर ज्या घरात व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आहे तिथली माणसं एकमेकांकडे पाहत नाहीत. सरळ शोकेसशेजारच्या त्या पेटीकडे बोट दाखवतात. यांचं काम म्हणाल तर एका ओळीत संपतं. गाणं दुसरीकडून येतं. पूर्वी तबकडीवरून यायचं, आता फोनवरून, लॅपटॉपवरून येतं. त्या नाजूक सिग्नलला बळ द्यायचं आणि स्पीकर हलवायचा, बस्स. हेच काम आज तळहातावर मावणारा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर शंभर वॅटनं करतो आणि कुरकुरतही नाही. तरीही काही शहाणीसुरती माणसं वीस किलोंचं हे प्रकरण दोघांनी धरून घरात आणतात, त्याच्यासाठी सागवानी स्टूल करून घेतात आणि आल्यागेल्याशी ओळख करून देतात. तुमचीही पावलं त्याच वाटेवर दिसतात, म्हणून आधी स्वभाव सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट, हे उठल्याबरोबर बोलत नाहीत. बटण दाबलं की काचेच्या नळीच्या पोटात आधी एक नारिंगी रेघ उमटते. आतला कॅथोड तापावा लागतो, तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, मग कुठे घसा मोकळा होतो. अर्धं मिनिट तरी जातंच आणि खरा सूर लागायला वीस-पंचवीस मिनिटं. एका ओळखीच्या घरी पाहुण्या तरुणानं फोनवर गाणं लावलं. आवाज नाही. त्यानं पुन्हा लावलं, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली, ब्लूटूथच्या नावानं बोटं मोडली. तेवढ्यात स्वारी जागी झाली आणि वरच्या मजल्यावरच्या आजींसकट सगळी इमारत जागी झाली. चूक स्वारीची नव्हती. तिची रीतच ती आहे.

खानदान जुनं. जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये इंग्लंडात दोन इलेक्ट्रोडांची नळी केली. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरा, जाळीचा इलेक्ट्रोड बसवला. त्या जाळीवरच्या चिमूटभर व्होल्टेजनं मोठा प्रवाह आवरता-सोडता येऊ लागला आणि घराण्याचा उत्कर्ष सुरू झाला. रेडिओ, बोलपट, रडार, सुरुवातीचे संगणक, सगळीकडे हेच. १९४७ हे वर्ष मात्र यांच्या पत्रिकेतलं विचित्र वर्ष. एप्रिलमध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची अशी रचना छापली की जगभरच्या हौशी लोकांनी तीच डोळ्यांपुढे ठेवली. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला. हे ऐन वैभवात असताना भाऊबंद दारात येऊन उभा राहिला.

मराठी घरात यांचा शिरकाव झाला तो रेडिओच्या पोटातून. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेच्या बाजारात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. म्हणजे माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचा स्वर स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंत आणि तिथून वाड्यातल्या फडताळावरच्या रेडिओपर्यंत व्हॉल्व्हच्याच हातून गेला. याचा यांना आजही तोरा आहे. जुनी गाणी आमच्यावरच खुलतात, आम्हीच ती पहिल्यांदा गायलो, असा एकूण आव असतो. तोरा रास्त आहे, तर्क कच्चा आहे. एकदा व्हॉल्व्हमधून गेलेलं गाणं पुन्हा व्हॉल्व्हमधून काढलं म्हणून दुप्पट गोड होत नाही.

यांना नावंही गावोगावची वेगळी. युरोपात ज्याला ईसीसी ८३ म्हणतात, तोच अमेरिकेत १२ एएक्स ७ म्हणून वावरतो. बाजारात पाटी वाचून दोन निराळे गृहस्थ समजू नका. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही एके काळी व्हॉल्व्ह तयार होत. जुन्या डब्यांतून ते अजून अधूनमधून निघतात. आज नवी पैदास मुख्यतः स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये होते.

आता दिखाऊपणाकडे वळू. सगळ्या जगात यंत्राचे भाग आत असतात आणि झाकण बाहेर, यांचं उलट. नाजूक काचेच्या नळ्या गच्चीवर उभ्या, नट्टापट्टा करून. तुमचं लक्ष त्यांच्यावरच जावं अशी सगळी मांडणी. मागच्या बाजूला काळ्या डब्यांत दडलेले ओबडधोबड ट्रान्सफॉर्मर मात्र कुणाला दाखवायचे नसतात. खरं राबणारे तेच. व्हॉल्व्ह चारशे-साडेचारशे व्होल्टवर काम करतो आणि त्याला समोर हजारो ओहमचा भार लागतो. स्पीकर असतो चार किंवा आठ ओहमचा. या दोघांचं एकमेकांशी बोलणं व्हावं म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसतो. खर्जातला सा दणदणीत लागणार की पोकळ, घुंगरांची किणकिण स्वच्छ ऐकू येणार की बोथट, हे बरंचसं त्या लोखंडाच्या आणि तांब्याच्या गठ्ठ्यावर ठरतं. व्हॉल्व्ह उद्या बदलता येतात, ट्रान्सफॉर्मर जन्माचा. म्हणून दुकानात काचेकडे पाहायच्या आधी मागची बाजू उचलून बघा. हलकी लागली तर दिव्यांवर भाळू नका.

ताकदीच्या बाबतीत स्वारी गरीब आहे आणि ते मान्य करायला तयार नसते. ३०० बी हा मोठ्या नावाचा व्हॉल्व्ह, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा, एके काळी चित्रपटगृहांतल्या ध्वनियंत्रणेत वापरलेला. तो एकट्यानं काम करतो तेव्हा जेमतेम आठ वॅट देतो. ईएल ८४ ची जोडी बारा-पंधरा, ईएल ३४ ची पस्तीस, केटी ८८ ची पन्नासच्या घरात. १९५३ चा ब्रिटिश 'क्वाड टू' पंधरा वॅटचा होता आणि त्यावर एका पिढीनं समाधानानं गाणं ऐकलं. कमी वॅटची यांना लाज नाही, उलट घमेंड आहे. जितके कमी, तितका भाव जास्त.

पण कमी वॅट खपतात कुठे, हे समजून घ्यायला हवं. लग्नात मुलाच्या पगारापेक्षा पत्रिका आधी पाहणारी माणसं असतात. इथे तेच बरोबर आहे, फक्त पत्रिका स्पीकरची पाहायची. तिच्या मागच्या पानावर एक आकडा असतो: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. बहुतेक लहान, देखणे स्पीकर ८५-८६ च्या आसपास असतात. मोठ्या पेटीचे किंवा कर्ण्याचे ९५-९६ च्या पुढे जातात. या दहा डेसिबलची किंमत दहापट वॅट. म्हणजे ९६ डेसिबलच्या स्पीकरला आठ वॅट दिल्यावर जो आवाज येतो, तोच ८६ च्या स्पीकरमधून काढायला ऐंशी लागतात. तुम्ही म्हणाल, मी काही मंडळाचा गणपती बसवत नाही, मला ऐंशी कशाला? शांतपणे ऐकताना सरासरीला दशांश वॅटही पुरतो, हे खरं. पण पखवाजावर थाप पडली, आवाजानं सरासरीहून वीस डेसिबल उसळी मारली, की त्या क्षणापुरते शंभरपट वॅट लागतात. दशांशाचे झाले दहा. आठवाले तिथे अडले.

अडल्यावर कसे वागतात, यात मात्र यांचं घराणं दिसतं. ट्रान्झिस्टरवाला कुवत संपली की लाट कापल्यासारखी सपाट करतो आणि कानाला खरचटतं. हे सहसा फुटत नाहीत, दबतात. लाटेचं डोकं गोल करतात आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं पुढे जातात. ऐकणाऱ्याला वाटतं गायकानंच जरा सांभाळून घेतलं.

दुसरी खोड, हे समोरचा माणूस पाहून बोलतात. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना आठ ओहम नसतो. कुठे तीनवर उतरतो, कुठे वीसवर चढतो. चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हे पाहतात, मनाला लावून घेतात आणि तिथला सूर कमी-जास्त करतात. स्पीकरचा पडदा वेळेवर थांबवायची ताकदही यांच्यात कमी. डग्ग्यावरची घुमक थोडी जास्त वेळ रेंगाळते. काहींना ती गुबगुबीत वाटते, काहींना सैल. म्हणून एका घरी ज्याचं कौतुक ऐकलं तोच अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या घरी निराश करतो. अ‍ॅम्प्लिफायर तोच असतो, बदललेला असतो स्पीकर.

आणि हो, स्वारी खोटं बोलते. गोड बोलते, पण खोटं. तुम्ही एक सा दिला तर ती त्यात वरच्या सप्तकातला सा हळूच मिसळून देते. एकट्या व्हॉल्व्हवर चालणारी रचना असेल तर पूर्ण ताकदीला ही भेसळ टक्का-दोन टक्क्यांवर सहज जाते. आपल्या कानाला ती खटकत नाही, कारण आपण तानपुऱ्यावर वाढलेले. षड्जाच्या तारेतून वरचा सा, त्याच्यावरचा पंचम आणि लक्ष दिलं तर गंधारही ऐकू येतो, कुणी छेडलेला नसताना. त्याच ओळीतला एखादा स्वर कुणी पदरचा वाढवला तर आपण त्याला चोरी म्हणत नाही, भरीवपणा म्हणतो. दोन व्हॉल्व्हच्या जोडीनं चालणाऱ्या रचनेत ही वरच्या सा ची भर बहुतांशी आपापसात कापली जाते आणि उरलेल्यात पंचमाचा वाटा जास्त. भेसळ एकूण कमी, ताकद जास्त, गोडवा थोडा आटोपशीर. एकटा व्हॉल्व्ह की जोडी, हा वाद लोक घालतात तो मुळात या चवीचा आहे.

एक गायक, एक तंबोरा, तबला आणि पेटी असली की यांची कळी खुलते. गळ्यातली खर, श्वास, पेटीचा भाता, सगळं जवळ येऊन बसतं. पण चाळीस व्हायोलिनं, ट्रम्पेट आणि कोरस एकदम आला की गोंधळ उडतो. प्रत्येक स्वरात पदरचं घालायची सवय इथे नडते, कारण स्वरास्वरांत मिसळून नको असलेले तिसरेच स्वर तयार होतात. चित्रपटातल्या गाण्यात कडव्यापर्यंत छान चाललेलं असतं आणि मधल्या संगीताच्या तुकड्यात सगळं एका पोत्यात भरल्यासारखं होतं. बैठकीचा कलावंत आहे, मिरवणुकीचा नाही.

आता अशा घरात चिरंजीव डॅक येतो. डॅक म्हणजे आकड्यांचं गाणं करणारी काडेपेटीएवढी वस्तू. चोख, अबोल आणि वेळेचा पक्का. जे आकडे आले तेच बाहेर, पदरचं काही नाही. म्हणूनच या दोघांचं जमण्याची शक्यता आहे. आधीच रंगवून बोलणारा स्रोत आणि त्यावर हे, म्हणजे साखरेच्या पाकात गूळ. डॅक कोरा असेल तर यांचा रंग एकदाच चढतो, आणि तो किती चढवायचा हे तुमच्या हातात राहतं.

पहिल्याच दिवशी मात्र दोघांत खटका उडतो, आणि तो व्होल्टवरून. यांचं शिक्षण रेडिओ ट्यूनर आणि टेप यांच्या काळातलं. ते अर्ध्या व्होल्टच्या आसपास हळू आवाजात बोलायचे आणि हे कान टवकारून ऐकायचे. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला सीडी प्लेअर विकायला आला आणि पुढे दोन व्होल्टची रीत पडली. आजचे डॅकही तीच पाळतात. म्हणजे यांना हवं त्याच्या चौपट. परिणाम असा की आवाजाचा नॉब जरा फिरवला की घर दणाणतं. नॉबवरची खूण घड्याळाच्या नऊच्या जागी पोचेपर्यंतच सगळा संसार. आणि त्या सुरुवातीच्या टप्प्यात स्वस्त नॉबांचे डावे-उजवे भाग सारखे चालत नाहीत, त्यामुळे गायिका मध्यभागी बसायचं सोडून डाव्या स्पीकरच्या मांडीवर जाऊन बसते.

उपाय सोपा आहे, फक्त दुकानदार तो सांगत नाहीत. पहिलं, वेगळा प्रीअ‍ॅम्प्लिफायर विकत घेऊ नका. डॅककडे आधीच जास्त आहे. आणखी वाढवणारा मध्ये बसवून करायचं काय? दुसरं, डॅकमध्येच आवाज दहा-बारा डेसिबल उतरवून ठेवा. बारा डेसिबल म्हणजे दोन बिट. चोवीस बिटांच्या डॅकमधले दोन गेले तर कुणाला पत्ता लागत नाही. असं केलं की यांचा नॉब मधोमध येतो आणि गायिका आपल्या जागी.

तिसरी गोष्ट खिशाची. चिरंजीव पेटीवर १२० डेसिबल छापून आणतो, म्हणजे गाणं आणि मागची खरखर यांत इतकं अंतर. सीडीच्या सोळा बिटांत ते ९६ पर्यंतच जातं. आणि आमचे वडीलधारे? बरे असले तर ८५-९०. काच गरम आहे, तारा लांब आहेत, ट्रान्सफॉर्मर शेजारी गुणगुणतो आहे. याहून शांत बसणं त्यांना जमत नाही. तेव्हा १२० चा डॅक १३० चा करण्यासाठी जे पैसे जातात, ते यांच्या दारात येऊन विरघळतात. साधा, प्रामाणिक डॅक घ्या. उरलेले पैसे स्पीकरला द्या.

गुणगुण जास्त वाटली तर लगेच यांच्यावर आळ घेऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. बॅटरीवर चालताना आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा: लॅपटॉप एका वाटेनं जमिनीला जोडलेला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या वाटेनं, आणि यूएसबीच्या तारेनं दोघांचं भांडण स्पीकरवर आणलेलं. ऑप्टिकल केबल वापरली की भांडण मिटतं, कारण त्या केबलमधून उजेड जातो, वीज जात नाही. आपल्याकडे याहून सोपा उपाय करणारे महाभाग आहेत. ते प्लगची तिसरी पिन मोडतात. फ्रिजच्या बाबतीतही हे करू नये, इथे तर मुळीच नको. आत साडेचारशे व्होल्ट आहेत आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटर काही काळ ते धरून बसतात. स्वारी निजलेली दिसली तरी पोटात हात घालायचा नाही.

रागाची चिन्हं ओळखायला शिका. ताकदीच्या व्हॉल्व्हच्या काचेवर आतून निळसर झाक दिसते; नवखा माणूस घाबरून बटण बंद करतो. निळ्याला घाबरायचं कारण नाही, ती यांची नेहमीची कांती. घाबरायचं ते लालला. आतला राखाडी पत्रा, ज्याला अ‍ॅनोड म्हणतात, तो लाल दिसू लागला तर प्रवाहाला आवर घालणारा बायस बिघडला, प्रवाह हाताबाहेर गेला, ताबडतोब बंद करा. काचेच्या माथ्याला किंवा कडेला एक चंदेरी आरसा असतो. तो बेरियमचा, आत उरलीसुरली हवा गिळण्यासाठी. तो दुधासारखा पांढरा पडला की काचेला तडा गेला आणि व्हॉल्व्ह संपला. छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून 'टण्' असा घंटेसारखा नाद घुमला तर म्हातारा हलक्या कानाचा झाला समजा. पावलांचा आवाजही आता तो गाण्यात मिसळील.

यांना एकटेपणा सोसत नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या खपत नाहीत. यांना तारा सुटलेल्या खपत नाहीत. स्पीकर न जोडता जोरात गाणं लावलं तर सगळा जोर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये अडकतो, आत ठिणग्या पडतात आणि जन्माचा सोबती जळतो. झाडलोट करताना तार सुटली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी कुणा एकावर नेमून द्या.

विजेच्या बाबतीतही मिजास आहे. गाणं चालू असो की नसो, दोनशे वॅट खाणारच. तीन तास बैठक झाली की अर्ध्या युनिटाहून जास्त गेलं. ती सगळी वीज शेवटी खोलीत ऊब होऊन राहते. जानेवारीत मांजर जवळ येऊन बसतं, मे महिन्यात घरातली माणसं उठून जातात. पंखा लावला तर गाण्यात पंखा. पावसाळ्यात ऊब शोधत पाल आणि मुंग्या येतात, म्हणून वरची जाळी देखणी नसली तरी काढून ठेवू नये. लहान मुलं असतील तर नाहीच नाही. रात्री उशिरा घरातलं व्होल्टेज अडीचशेवर चढत असेल तर आधी स्टॅबिलायझर घ्या, मग यांना आणा. चढत्या व्होल्टेजवर व्हॉल्व्ह झळाळतात खूप, टिकतात कमी. एरवी ताकदीचे व्हॉल्व्ह दोन-तीन हजार तास सहज जातात, छोटे त्याहून किती तरी जास्त.

तोतयांपासून सावध राहा. बाजारात शेदोनशे वॅटच्या गप्पा मारणारी लहानशी पेटी मिळते, वर दोन इवलेसे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बुडाशी नारिंगी एलईडी. उजेड कॅथोडचा नाही, एलईडीचा. स्पीकर हलवण्याचं काम आतली चिप करते. व्हॉल्व्ह नुसते वाटेत उभे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. यांच्यात आणि हायब्रिडमध्ये मात्र गल्लत करू नका. प्रामाणिक हायब्रिडमध्ये पुढे योग्य व्होल्टेजवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि मागे ट्रान्झिस्टरचं बळ. ८५ डेसिबलचे स्पीकर बदलायचेच नसतील तर हा मधला मार्ग चांगला आहे. थोडा रंग मिळतो, थोडी शिस्त राहते.

आजारपणात कोण बघणार, हेही आधीच विचारून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चिप बदलून देणारे पावलोपावली भेटतात; बायस लावता येणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर शोधावा लागतो. बायस आपोआप सांभाळणारी रचना मिळाली तर चार वॅट कमी पत्करून तीच घ्या. आणि व्हॉल्व्ह असा निवडा जो तीन देशांत तयार होतो. ईएल ३४, ईएल ८४, ईसीसी ८३ उद्याही मिळतील. जुन्या गोदामातून निघालेल्या, आता कुणीच न करणाऱ्या नमुन्यावर संसार उभा करू नये.

तर असा हा गृहस्थ. सत्य ऐकायचं असेल तर याच्याकडे जाऊ नका. त्यासाठी क्लास डी स्वस्त आहे, थंड आहे आणि खराही आहे. दिवसभर घरात रेडिओसारखं काहीतरी वाजत हवं असेल, तरीही नको. संध्याकाळी तासभर बसून एकच गायक मनापासून ऐकणारे असाल, चांगले डेसिबल देणारे स्पीकर असतील आणि अर्धा तास आधी बटण दाबायची सबुरी असेल, तर जरूर घ्या. पैसे वाटताना आधी स्पीकर, मग यांचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांत शेवटी डॅक. घेण्याआधी आपले स्पीकर दुकानात घेऊन जा, नाही तर अ‍ॅम्प्लिफायर दोन दिवस घरी मागा, आणि पाठ असलेलं गाणं लावा. तासाभरात नजर काचेवरून हलली नाही तर एखादा चांगला दिवा विकत घ्या, पुष्कळ स्वस्त पडेल. गाण्यात रमलात आणि काच विसरलात, तर सौदा पक्का करा. आणि प्लग लावण्याआधी भिंतीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.